बाईंनी नाव घेतलं नाही

प्रिय मोहसीन बाळा,

हे अक्षर कोणाचं म्हणून तू पाकीट उलटंपालटं करून बघशील, तर आधीच सांगते, मी भामामावशी. निलंग्याजवळच्या आपल्या गावच्या शाळेत घंटा वाजवणारी, रांजण भरणारी, तुला कडेवर घेऊन तुझ्या अम्मीच्या वर्गाबाहेर फिरवणारी. आता सहासष्ट वर्षांची म्हातारी झाले, नांदेडला सुगतकडे असते. माझा सुगत रेल्वेच्या ऑफिसात कारकून हाय. बिदरला तुझं बॅटऱ्यांचं दुकान आहे हे त्याच्या पोरीनं, माझ्या महामायानं, मोबाईलवर शोधून काढलं. फोटोत तू काउंटरच्या मागं उभा आहेस. केस गेलेत, पोट सुटलंय, पण उभं राहायची ढब तीच, डावा खांदा खाली. मी बोटानं फोटो मोठा करून करून बघितला. महामाया म्हणाली, "आज्जी, बस कर, मोबाईल तापला."

पाच दिवस झाले हे लिहितेय. माझी शाळा दुसरीत सुटली, शेळ्यांमागं जायला कोणी नव्हतं म्हणून. पुढचं सगळं तुझ्या अम्मीनं शिकवलं, तेही मी शाळेत लागल्यावर, दोन घंटांच्या मधल्या वेळात. म्हणायच्या, "भामा, बोलताना कसं बी बोल, पण लिहिताना पुस्तकासारखं लिही." तसंच लिहायला बघतेय. मध्येच गाडी रस्त्याच्या खाली उतरली तर समजून घे.

आधी गोड बातमी सांगते. महामाया दहावीला त्र्याण्णव टक्क्यांनी पास झाली. आमच्या घराण्यात एवढे टक्के कधी कोणी बघितले नव्हते. गल्लीत पेढे वाटले, समोरच्या सरदारजींच्या घरून उलट शिऱ्याचं ताट आलं. मी तर दोन दिवस चप्पल न घालताच हिंडत होते, ध्यानातच नाही. पण त्या टक्क्यांत निम्मे तुझ्या अम्मीचे आहेत हे तुला कळायला पाहिजे. बाई सहा वर्षांपासून आमच्याकडेच आहेत. डोळे गेले तशी मी त्यांना गावाहून घेऊन आले. दिसत नाही तर भूमिती कशी शिकवावी? महामायाचा तळहात पुढं घ्यायच्या आणि बोटानं त्यावर त्रिकोण काढायच्या. "हा कोन सांग. आता हा सांग." चुकली की तळहातावर एक टिचकी. निकाल लागला तेव्हा पोरीनं बाईंचा हात स्वतःच्या गालावर ठेवला आणि सांगितलं, "दादी, त्र्याण्णव." बाई म्हणाल्या, "सात कुठं सांडले?" सगळे हसलो. त्या दिवशी त्यांनी अर्धा पेढा खाल्ला. त्यानंतर त्यांच्या पोटात धड असं काही गेलेलं नाही.

आता खरं लिहिते. बाईंची किडनी कामातून गेलीय. दवाखान्यात अकरा दिवस ठेवलं, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या, आता सुई टोचून त्रास देण्यात अर्थ नाही. किती दिवस म्हणून सुगतनं विचारलं तर डॉक्टर बोलले, आठ, फार तर दहा. त्यातले पाच माझ्या ह्या लिहिण्यात गेले, माझंच मेलं अक्षर पुढं सरकत नाही. तू ये. अजून तोंड ओळखीचं आहे, बोलणं कळतंय, तोवर ये. महामायानं तुला फोन लावला होता. तू "हॅलो" म्हणालास, ती म्हणाली, "काका, नांदेडहून बोलतेय, तुमच्या अम्मी," आणि तू राँग नंबर म्हणून ठेवून दिलास. पोरगी रडली. मी नाही रडले. मला तुझा आवाज ऐकू आला होता, मी तिच्या शेजारीच कान लावून बसले होते. तुझ्या अब्बांचा, नजीरभाईंचा आवाज आहे तुझा, तसाच बसका.

तुझी अम्मी कोण आहे हे मी तुला सांगावं, हे म्हणजे जरा जास्तच झालं. पण तू सोळाव्या वर्षी गेलास. सोळा वर्षांच्या पोराला आई कुठं माहीत असते? तुला फक्त हजेरी घेणाऱ्या बाई माहीत. त्या नोकरीला लागल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पहिली शाळा तेरणेच्या पलीकडं, पूल नव्हता, चपला हातात आणि वह्या डोक्यावर घेऊन नदीतून जायच्या. बहात्तरच्या दुष्काळात शाळा ओस पडली, सगळी पोरं आईबापाबरोबर खडी फोडायला गेली. तर बाई उठून खडी केंद्रावर गेल्या. तिथं पाट्या कुठल्या? फोडलेल्या दगडांवर खडूनं अक्षरं काढायच्या आणि पोरांना म्हणायच्या, तुझ्या नावातलं अक्षर शोधून आण. पोरं ढिगाऱ्यात धुंडाळत फिरायची. मुकादम ओरडायचा, बाई, माझी खडी रंगवू नका. हे मला त्या खडीवर शिकलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, तो आता निलंग्याला किराणा दुकान चालवतो.

आणि ते एक जूनचं. गावात पोराचा जन्म कधीचा म्हणून विचारलं की आया सांगायच्या, हरभरा काढायच्या वक्ताला, नाहीतर म्हैस मेली त्या साली. मग बाई रजिस्टरात लिहायच्या, एक जून. गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस त्यामुळं एकाच दिवशी येतो. अजूनही एक जूनला सकाळपासून फोन सुरू होतात, कोण पुण्याहून, कोण हैदराबादहून, "बाई, आज मी पन्नास पूर्ण." बाई म्हणतात, "पन्नास का बावन्न ते तुझ्या आईलाच ठाऊक." ह्या वर्षी बोलायची ताकद नव्हती, तर सुगत फोन त्यांच्या कानाला लावायचा. प्रत्येक फोन वाजला की त्या मान वळवायच्या. नाव कळलं की मान परत जागेवर. सत्तावीस फोन आले. तुझी तारीख एक जून नाही हे त्यांना माहीत आहे. अख्ख्या रजिस्टरात एकट्या तुझीच खरी तारीख लिहिली आहे, नऊ ऑगस्ट. तरी मान वळत होती.

तू लग्नानंतर नऊ वर्षांनी झालास. नजीरभाई बाजारात बांगड्यांची पेटी घेऊन बसायचे, त्या दिवशी त्यांनी आल्यागेल्या बाईला दोन दोन बांगड्या फुकट भरल्या. माझा नवरा पंढरी वारला तेव्हा बाकीच्या लोकांनी मला नुसतं नजरेनं हात उघडे ठेवायला लावले होते. नजीरभाईंनी भर बाजारात हाक मारली, "भामा, हात पुढं कर." असा तुझा बाप. तर तू झालास, आणि दीड महिन्यात बाई शाळेत हजर. वर्गाच्या खिडकीच्या गजाला झोळी बांधलेली, एक टोक गजाला, एक टोक दाराच्या कडीला. तू रडलास की चौथीची पोरं आळीपाळीनं झोका द्यायची आणि पाढे म्हणायची. तू सतराच्या पाढ्यावर झोपायचास. सोळापर्यंत डोळे टक्क. एवढं खोटं मला कसं सुचेल, खरंच आहे.

बाई तुझ्याशी कडक होत्या, हे मला मान्य आहे. शाळेत तुला अम्मी म्हणायची परवानगी नव्हती. दुसऱ्याच्या पोराला चूक झाली तर समजावून सांगायच्या, तुला उभं करायच्या. दहावीच्या आधी तुला कावीळ झाली, सव्वा महिना तू मऊ भातावर आणि उसाच्या रसावर काढलास. त्याच दिवसांत बाई ओसरीवर गावातल्या पोरांचा जादा वर्ग घ्यायच्या आणि तू आत पडून ऐकायचास. मी काढा घेऊन आले तर मला म्हणालास, "मावशी, अम्मी सगळ्यांची हाय. मी रांगेत शेवटचा." ते माझ्या छातीत जाऊन बसलं. तुला बीजगणित येत नव्हतं. तू भिंतीकडं तोंड करून रडायचास आणि मला वाटायचं, एवढ्या मोठ्या बाईंचं पोरगं नापास झालं तर गाव काय म्हणेल.

मग दहावीचा तो बीजगणिताचा पेपर. एक गुरुजी आलेच नाहीत म्हणून हेडमास्तरांनी बाईंना चार नंबरच्या खोलीवर बसवलं. बाई म्हणाल्या, "तिथं माझा मुलगा आहे, मला दुसरी खोली द्या." हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यावर कोण संशय घेणार बाई? तीन तासांचा तर प्रश्न." बाहेर कंपाउंडवर पोरं चढलेली, खिडकीतून कागदाचे गोळे येत होते. पहिल्या तासातच बाईंनी नरसिंगला पकडलं, संगप्पाच्या पोराला. त्याचं नाव लिहून घेतलं, तो रडत बाहेर गेला. अर्ध्या तासानं तुझ्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. तू उभा राहिलास. "अम्मी, कसम से, माझी न्हाई." बाई म्हणाल्या, "इथं बाई म्हण." आणि ज्या हातानं नरसिंगचं नाव लिहिलं त्याच हातानं तुझं लिहिलं. मी दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होते, तुला आठवत असेल.

तुझा निकाल रद्द झाला, पुढच्या दोन परीक्षांना बंदी आली, आणि तू लातूरला चाच्यांकडं गेलास ते गेलासच. तिथं गंजगोलाईच्या मागं गुरुपादप्पांच्या गॅरेजात लागलास. आता मला एक सांग. दर शनिवारी गुरुपादप्पा तुला डबा द्यायचे, घरून आलाय म्हणून. त्यात खिचडी-खट्टा असायचा, कधी खिमा. अरे बाळा, लिंगायताच्या घरून खिमा येतो का? शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई एसटीनं लातूरला जायच्या. डबा गुरुपादप्पांच्या हाती द्यायच्या, समोरच्या रसवंतीत बसून तुला जेवताना बघायच्या आणि रिकामा डबा घेऊन शेवटच्या गाडीनं परत. दोन वर्षं, सुट्टी नाही, खाडा नाही. रसवंतीवाला शेवटी ऊस न पिळताच बसू द्यायचा. तू बिदरला गेलास त्या शनिवारी भरलेला डबा परत आला. बाईंनी तो उघडला नाही, माझ्या हातात दिला, "सुगतला दे." का तुला सगळं ठाऊक होतं आणि तू गप खात होतास? तसं असेल तर मला सांग. मला फार बरं वाटेल.

नजीरभाईंच्या मातीला तू आलास. मी कब्रस्तानाच्या रस्त्यावर उभी होते. तू घरी न येता तिथूनच निघालास, मला बघून थांबलास, वाकलास आणि म्हणालास, "मावशी, अम्मीला तुम्ही सांभाळा. मला जमत न्हाई." मी मान हलवली. तोंडात एक वाक्य तयार होतं, ते मी गिळलं. त्यालाही सोळा वर्षं झाली. तुला वाटलं असेल मावशी किती भली. तुझ्या आईला न्हाऊ घालते, रोज्याच्या दिवसांत तिच्यासाठी आपली जेवणाची वेळ बदलते, तिच्या औषधाच्या वेळा चुकवत नाही. सुगतची बायको उज्वला मला म्हणते, "आत्या, सख्ख्या आईचं बी कोणी इतकं करत न्हाई." 

मोहसीन, ती चिठ्ठी मी आणली होती. व्यंकटी म्हणून कॉलेजातलं एक पोरगं भिंतीबाहेर उत्तरं सोडवून देत होतं, त्याच्या हातापाया पडून मी तुझ्यासाठी मागून घेतली. पाण्याच्या ग्लासाखाली धरून तुझ्या बाकावर ठेवली. मला वाटलं तू बघशील. तू मान वर न करता पाणी पिऊन ग्लास परत दिलास, ओल्या बुडाला चिकटलेला कागद सुटून तुझ्या पायाशी पडला, आणि मी तिथून निघून गेले. तू खरं बोलत होतास. बाईंना ते घरी गेल्यावर उमगलं, कागदावर ग्लासाच्या बुडाचा गोल ओला डाग होता, आणि पाणी वाटणारी मी एकटी. बोर्डाकडं जायचं पाकीट तोवर सील होऊन गेलं होतं. त्या माझ्या दारात आल्या, मी पाय धरले, हेडमास्तरांकडं जाते म्हणाले. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, कायमची ऑर्डर जूनमध्ये यायची होती, सुगत दहा वर्षांचा. बाई म्हणाल्या, "तू बोललीस तर तुझी चूल जाईल. त्याचं वर्ष जाईल. वर्ष परत येतं." बोर्डाच्या सुनावणीच्या दिवशी मी तरीही एसटीत चढले होते. बाईंनी मला खाली उतरवलं. त्यांनी उतरवलं हे खरं, पण मी उतरले, हे त्याहून खरं. तिथं साहेबांनी विचारलं असणार, चिठ्ठी कोणी दिली, आणि बाईंनी नाव घेतलं नाही. वर्ष परत आलं, तू आला नाहीस. माझी ऑर्डर आली, सुगत शिकला, महामायाला त्र्याण्णव पडले, आणि तुझी आई तुझ्याऐवजी माझ्या घरात म्हातारी झाली. परवा मी त्यांना म्हणाले, "आता सांगते मोहसीनला." त्यांनी माझं मनगट धरलं, त्या हातात आता जोर काहीच नाही, आणि म्हणाल्या, "नको. सुगतला कळेल." म्हणजे अजूनही माझाच विचार. तीस वर्षांत मी त्यांचं हे एकच सांगणं मोडतेय. तुला जे काही म्हणायचं आहे ते मला म्हण, माझ्या दारात उभा राहून, सगळ्या गल्लीसमोर म्हण, पण आधी आत जाऊन त्यांना अम्मी म्हण. हे पाकीट तुझ्या हातात देणारा माणूस सुगत आहे. आत काय आहे त्याला माहीत नाही, त्याला वाटतंय म्हातारीनं नुसतं बोलावणं लिहिलंय. तुझं वाचून झालं की हे कागद त्यालाही वाचायला दे. त्याचं वाचून होईपर्यंत थांब, मग दोघं मिळून ठरवा. पाचची नांदेड गाडी आहे.

तुझीच, तुझ्याकडं तोंड वर करून न बघू शकणारी,
भामामावशी